ज्याचं कडं, त्याचा रुमाल

रूथ सिस्टरच्या घरी पहिल्यांदा जेवायला बसले तेव्हा ताटाशेजारी बांबूचं एक कडं ठेवलेलं होतं आणि त्या कड्यात गुंडाळून खोवलेला मांजरपाटाचा पांढरा रुमाल. शोभेचा असेल असं समजून मी त्याला हात लावला नाही. ज्वारीची भाकरी, अंबाडीची भाजी आणि जाळ ठेचा असं जेवण होतं. ओठ पोळले तेव्हा मी ओढणीचं टोक तोंडाला लावलं.

"बाई, रुमाल पुसाले हाये," सिस्टर म्हणाल्या. "पाहाले नाही."

मी मुकाट्यानं तोंड पुसलं. जेवून उठल्यावर शहाणपणा करून तो रुमाल धुण्याच्या बादलीत टाकला. सिस्टरनी तो बाहेर काढला, झटकला, घडी घालून गुंडाळला आणि पुन्हा कड्यात सारला.

"आठवडाभर चालवाचा. रोज धुवाले पानी कुठून आनू? एकाच्या तोंडचा दुसऱ्याच्या तोंडाले लागू नये, एवढ्यासाठीच हे कडं. ज्याचं कडं, त्याचा रुमाल. साहेबी थाट नोहे हा."

वणीतल्या एका शाळेत मला नुकतीच नोकरी लागली होती. सिस्टरच्या घरामागची एक खोली मी भाड्यानं घेतली होती आणि जेवण त्यांच्याकडेच होतं. गावातल्या एका जुन्या धर्मादाय दवाखान्यात त्या मेट्रन होत्या. निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली तरी रोज सकाळी वॉर्डात जायच्या, कारण नव्या नर्सा टिकत नव्हत्या. दुपारी परत येत तेव्हा पाय सुजलेले असत. पायरीवर बसून चपला काढताना म्हणत, "थकली मी." तक्रारीचा सूर नसे त्यात. आज ऊन आहे म्हणावं, तसं म्हणायच्या. उंच, काळ्या, हाडकुळ्या. बारीक काठाचं पांढरं लुगडं. नवरा तरुणपणीच गेलेला, मूलबाळ नाही. घरात किमती असं काही नव्हतं, एक लांबलचक सागवानी टेबल मात्र होतं. दवाखान्याच्या भंगारातून आणलेलं, एका पायाखाली वीट लावलेली.

आमच्या रस्त्यावरून दिवसभर कोळशाचे ट्रक जायचे. धूळ कितीही पुसली तरी तासाभरात पुन्हा काळा थर. म्हणून ताटं पालथी मांडायची आणि माणूस बसल्यावरच सुलटी करायची. त्या धुळीत पांढरेच रुमाल का, असं मी एकदा विचारलं.

"मळला हे दिसलं पाहिजे न," त्या म्हणाल्या. "काया रुमालाले कोन धुते?"

हे कड्यांचं वेड त्यांना कुठून लागलं ते त्यांनी मला एकदाच सांगितलं, तेही तांदूळ निवडता निवडता. लहानपणी त्या दवाखान्याच्या गोऱ्या डॉक्टरणीच्या बंगल्यावर वरकामाला होत्या. तिथं चांदीची कडी होती, प्रत्येकावर नावाचं अक्षर. जेवणं झाली की रुमाल गुंडाळून त्या त्या कड्यात घालायचं काम छोट्या रूथचं. अक्षरं ती तिथंच शिकली. स्वतः जेवायची ती मोरीजवळ, जमिनीवर. पुढे नर्सिंग पास झाली त्या दिवशी डॉक्टरणीनं तिला टेबलावर बोलावलं. ताटाजवळ एक कडं होतं, कोऱ्या चांदीचं, अक्षर नसलेलं.

"मग?" मी विचारलं.

"मंग काय. जेवनच गेलं नाही मले. रुमालाले हात पुसाले भेव लागे. आपल्या हातानं मळन म्हणून." खडा बाजूला काढून त्या पुढे म्हणाल्या, "तिनं मायेनं बोलावलं व्हतं. पन बारा वर्साची व्हती तवाच बोलावलं असतं तं..."

त्यांनी निवडलेले तांदूळ पुढे सारले. डॉक्टरीण आपल्या देशी परत गेली, चांदीची कडीही तिच्याबरोबर गेली. सिस्टर बाजारात बुरडणीकडे गेल्या आणि बांबूची पेरं बोटभर रुंदीची कापून द्यायला सांगितली. बुरडीण म्हणाली, "कायची कडी व्हय हे? पाखराच्या पायातली का?" पण घासूनपुसून छान दिली. त्यावर सिस्टर तापल्या सुईनं खुणा करायच्या. अक्षर नाही, खूण. चिंचेचं पान, विळा, चिमणी, कंदील. त्यांच्या टेबलावर येणाऱ्या बऱ्याच जणांना वाचता येत नसे. खोली बघायला आले तेव्हा मी छत्री घेऊन दारात उभी राहिले होते म्हणून माझ्या कड्यावर छत्री.

टेबलावर यायचे ते दवाखान्यातल्या रोग्यांचे नातेवाईक. ती वर्षं कापसाच्या हलाखीची होती. भाव नव्हता, बोंडात अळी होती, आणि अळीवर फवारायचं विषारी औषध मात्र घरोघरी कोनाड्यात होतं. 'औषध घेतलं' एवढंच लोक म्हणायचे. ऐकणाऱ्याला कळायचं. बैलगाडीतून, ट्रॅक्टरवरून, मोटारसायकलवर दोघांच्या मध्ये बसवून माणसं यायची. रोगी आत गेला की बरोबरचे बाहेर झाडाखाली बसून राहायचे, ना खाणं ना पिणं. सिस्टर वॉर्डातून निघताना त्यांना उठवून घरी आणायच्या. कुणी रडू लागलं की पाठीवर हात ठेवून म्हणायच्या, "आधी जेव, मंग रड. उपाशी रडल्यानं चक्कर येते."

प्रत्येकाला कडं मिळायचं. पुढच्या जेवणाला त्याचा रुमाल त्याची वाट बघत टेबलावर असायचा. पुष्कळदा तो माणूस यायचा नाही. आतलं माणूस गेलेलं असायचं आणि हे लोक मयत घेऊन गावाकडे निघालेले असायचे. मग सिस्टर रुमाल धुवायला टाकायच्या आणि कडं चुलीत. "दुसऱ्याले देनं बरं नाही," एवढंच म्हणायच्या. काही आठवड्यांत तर चुलीत इतकी कडी गेली की त्या जेवायला बसत, घास मोडत आणि तसाच ताटात ठेवत.

दसऱ्याच्या सुमारास मुकुटबनकडच्या एका खेड्यातून संगीता नावाची बाई आली. पंचविशीतली. औषध घेतलेलं. नवरा पैशाची सोय बघायला गावातच राहिला होता, तिच्याबरोबर दोन माणसं होती. एक तिची सासू गंगूबाई आणि दुसरा भाऊ सुभाष. दोघं एकाच ट्रॅक्टरवरून आले, पण दवाखान्याच्या व्हरांड्यात दोन टोकांना बसले. एकमेकांकडे बघतही नव्हते.

सिस्टरनी दोघांनाही जेवायला आणलं. सुभाष खाली मान घालून टेबलाशी बसला. गंगूबाई उंबऱ्यापाशीच थांबली.

"ह्या मानसाच्या पंगतीले मी बसत नसते," ती म्हणाली. जरा थांबून हळूच पुढे म्हणाली, "अन् तुमच्या घरचंही मले चालत नाही, सिस्टरबाई. राग नका मानू."

"नाही मानत," सिस्टर म्हणाल्या. "पायरीवर बसा. सावली हाये तिथं."

गंगूबाईनं पदरात बांधून आणलेली कोरडी भाकरी पायरीवर बसून खाल्ली. आत टेबलाच्या दुसऱ्या टोकाला सिस्टरनी तिच्यासाठी ताट पालथं मांडलं आणि शेजारी रुमाल, कड्यासह. संध्याकाळी पुन्हा मांडलं. दुसऱ्या दिवशीही. मी म्हटलं, "येत नाहीत त्या, कशाला रोज मांडता?"

"मांडाले काय लागते," सिस्टर म्हणाल्या.

पदरातली भाकरी संपली त्या दुपारी गंगूबाई आत आली आणि कुणाकडेही न बघता त्या टोकाला बसली. कडं उचलून निरखलं. "हे कायचं कडं? लेकराच्या हातातलं व्हय?" म्हणत ते मनगटात घालून पाहिलं. बोटांपलीकडे जाईना. सिस्टर हसल्या. त्या महिन्यात मी त्यांना हसताना पाहिलं ते तेवढंच. मग गंगूबाईनं रुमाल उलगडला, तोंडावर धरला आणि तशीच बसून राहिली. खांदे हलत होते. रुमाल जपून वापरा म्हणून सगळ्यांना दटावणाऱ्या सिस्टर काही बोलल्या नाहीत.

"थे चादरीवरून कापूस येचून राह्यली, सिस्टर," गंगूबाई रुमालाआडून म्हणाली.

मीही ते पाहिलं होतं. दवाखान्यात विषावर जी इंजेक्शनं देतात त्यांनी रोग्याला भ्रम होतो. संगीता डोळे सताड उघडे ठेवून बोटांच्या चिमटीनं चादरीवरचं काहीतरी टिपायची आणि कमरेशी नसलेल्या ओटीत टाकायची. थांबायचीच नाही. नर्सनं हात धरला तर पऱ्हाटीची ओळ अर्धी राहिली म्हणून वैतागायची, "सोडा वं, तास राहिला हा."

हळूहळू त्या घराची हकिगत कळली. सुभाष गावाजवळच्या बाजारात एका कृषी केंद्रात कामाला होता. बियाणं, खत, फवारणीचं औषध विकायचं. बोंडअळी लागतच नाही असं म्हणून आलेलं महागडं बियाणं त्यानं बहिणीला घ्यायला लावलं. नवरा नको म्हणत होता, सासू नको म्हणत होती. संगीतानं दोघांना मनवलं. माझा भाऊ मला खोटं सांगेल का, म्हणाली. पऱ्हाटी कमरेएवढी झाली, फुलली, आणि बोंडं फोडून पाहिली तर प्रत्येकात अळी. मग सुभाषनंच फवारायला औषधाची बाटली आणून दिली. फवारूनही काही उरलं नाही. घरात तिला कुणी बोल लावला नाही असं गंगूबाई शपथेवर सांगायची. सुभाष म्हणायचा, न बोलताही बोल लावता येतो. ती म्हणायची, यानं मारलं. तो म्हणायचा, यांच्या घरानं मारलं. हे सगळं ते आम्हाला सांगायचे. एकमेकांना एक अक्षर नाही.

एके दिवशी दुपारी टेबलावर गर्दी होती. आणखी दोन-तीन गावांची माणसं बसली होती, ताटं इकडची तिकडे सरकली आणि कड्यांची जागा बदलली. गंगूबाईनं हाताशी आलेला रुमाल उलगडून तोंडाला लावला, आणि एकदम खुर्ची मागे सारून उभी राहिली.

"हाच वास! हाच वास व्हता तिच्या तोंडाले!"

रुमाल सुभाषचा होता. दुकानात वर्षानुवर्षं बाटल्या आणि पुड्या हाताळून त्याच्या हातांना तो उग्र वास कायमचा लागला होता. आठवडाभर हात पुसून तो रुमालात मुरला होता.

गंगूबाईनं रुमाल त्याच्या ताटात फेकला. "घे तुहा वास. माही सून खाल्ली त्यानं."

सगळी पंगत हातातला घास हातात धरून थांबली. आता हा अंगावर धावून जाणार असं मला वाटलं. पण सुभाष वरणात पडलेल्या त्या रुमालाकडे बघत राहिला आणि मग पहिल्यांदाच तिच्याशी बोलला.

"मीच देल्लं, मावशी. बियानंही मीच देल्लं अन् औषधही मीच. मालक म्हने चांगलं हाये, मी तिले सांगतलं चांगलं हाये. माही एकच बहीन हाये वं थे."

आणि तो टेबलावर डोकं ठेवून ओक्साबोक्शी रडू लागला. थोराड माणूस, मिश्या राखलेला. गंगूबाई उभीच होती. तिला बसवेना आणि जाववेना.

सिस्टर उठल्या. सुभाषचं ताट उचललं, दुसरं वाढून ठेवलं. "आधी जेव," एवढंच म्हणाल्या. पुढचं म्हणाल्या नाहीत. वरणात बुडालेला रुमाल घेऊन त्या मोरीवर गेल्या. नळाला तेव्हा पाण्याचा पत्ता नव्हता, घरात पिण्याचा एक माठ होता. त्या माठातलं पाणी घेऊन त्यांनी तो रुमाल धुतला. साबण लावून, घासून, पुन्हा, आणि पुन्हा. आम्ही आत बसून तो आवाज ऐकत होतो.

सुभाष मोरीच्या दारात जाऊन उभा राहिला. "राहू द्या, सिस्टर. नाही जात थो वास. मी खूप धुतले हात."

"नाही जात," सिस्टर पिळता पिळता म्हणाल्या. "पन धुवा तं लागते न रुमाल."

संध्याकाळी तो वाळलेला रुमाल त्याच्या कड्यात घालून त्याच्या जागेवर होता. गंगूबाई आली, बसली. जेवताना तिनं भाकरीची दुरडी उचलली, स्वतः एक घेतली आणि दुरडी टेबलावरून त्याच्याकडे ढकलली. त्यानं घेतली.

संगीता वाचली. कशी वाचली ते डॉक्टरांनाही सांगता आलं नसतं. तिच्या शेजारच्या खाटेवरचा तिच्याच वयाचा माणूस त्याच रात्री गेला, आणि त्याच्या बायकोचं कडं सिस्टरनी सकाळी चुलीत टाकलं. त्यामुळे आनंद करायलाही कुणाला उभारी नव्हती. संगीताला घरी सोडण्याआधी सिस्टर तिला धरून टेबलापर्यंत घेऊन आल्या. ती मऊ खिचडी घेऊन बसली, एका बाजूला सासू, दुसऱ्या बाजूला भाऊ. चमचा हातात थरथरत होता.

"कड्यावर काय काढू?" सिस्टरनी सुई तापवत विचारलं.

"मी तं जाऊन राह्यली घरी. कायले पायजे?"

"दर बाजाराच्या दिवशी गोळ्या न्याले येनं हाये तुले. तवा जेवशीन कुठं?"

संगीतानं सासूकडे पाहिलं. मग गंगूबाई म्हणाली, "तुरीची शेंग काढा. औंदा बांधावरच्या तुरीच तेवढ्या जगल्या."

त्यानंतर ती तिघं बाजाराच्या दिवशी येत राहिली. सुभाषनं दुकान सोडलं आणि खाणीवरच्या ट्रकवर क्लीनर म्हणून लागला. आमच्याच रस्त्यावरून जायचा, काळाठिक्कर तोंड घेऊन. एका बाजाराला संगीता आली नाही, गंगूबाईही नाही. सिस्टरनी तिचं ताट मांडलं, जेवणं झाली, ताट तसंच. पुढच्या बाजारालाही नाही. सुभाष लांबच्या फेरीवर होता, विचारणार कुणाला? सिस्टर दुपारी वॉर्डातून आल्या त्या घरात न शिरता म्हणाल्या, "बाई, मुकुटबनची गाडी कवाची हाये?"

मी त्यांच्याबरोबर गेले. मुकुटबनला उतरून पुढे कच्च्या वाटेनं चालत. सुजलेल्या पायांनी त्या इतक्या भराभरा चालत होत्या की मला गाठता येईना. गावात शिरलो तर संगीता दारात बसून शेंगा सोलत होती.

"अवो सिस्टर! तुमी काहून आल्या?"

सिस्टर संतापलेल्या मी पहिल्यांदाच पाहिल्या. "दोन बाजार झाले! सांगून ठेवता येत नाही? मानसाच्या जीवाचं काय होते, काही कळते का तुले?"

"तुरी काढून राह्यलो व्हतो वं. सवड नाही झाली..." ती रडवेली झाली. गंगूबाई आतून धावत आली. सिस्टर तिथंच ओट्यावर बसल्या आणि त्यांनी दोन्ही हातांनी आपले गुडघे घट्ट धरले. मग गंगूबाईनं पाण्याचा तांब्या आणला आणि विचारलं, "माह्या घरचं जेवान न, सिस्टरबाई?"

"थकली मी," सिस्टर म्हणाल्या. "वाढा."

पुढे माझी बदली उमरखेडला झाली. लग्न झालं, संसाराचं ओझं आलं, आणि वणीला जाणं उद्यावर पडत गेलं. दिवाळीत खुशालीचा फोन व्हायचा. आवाज खोल जात चालला होता. वॉर्ड बंद झाला, फक्त तपासणी सुरू आहे, असं त्यांनीच एकदा सांगितलं. आता कोण येतं जेवायला, असं विचारल्यावर म्हणाल्या, "येतेत. कोनी न कोनी असतेच."

एका उन्हाळ्यात शाळेच्या कामानं वणीला जाणं झालं. परतीच्या गाडीला थोडा वेळ होता, म्हणून भर दुपारी त्यांच्या घरी गेले. दार उघडंच होतं. आत भांड्यांचा आवाज नाही, बोलणं नाही. कुणी गेलं की काय या धास्तीनं मी उंबऱ्यावर थबकले.

टेबलाभोवती पाच-सहा माणसं जेवत होती. दोघं-तिघं अनोळखी, कुठल्याशा खेड्यातून रोगी घेऊन आलेले. सुभाष होता, कानशिलावर पांढरे केस आलेले. चुलीपाशी गंगूबाई बसलेली. संगीता वाढत होती, भरलेल्या अंगाची झाली होती. मला पाहून तिचा चेहरा उजळला, पण तिनं पटकन ओठांवर बोट ठेवलं आणि टेबलाच्या टोकाकडे मान वळवली.

रूथ सिस्टर खुर्चीत बसल्या बसल्या झोपल्या होत्या. मान एका खांद्यावर कललेली, तोंड थोडं उघडं, एक हात ताटाशेजारी उताणा पडलेला. किती बारीक झाल्या होत्या!

"जेवल्या?" मी अगदी हळू विचारलं.

संगीतानं नाही म्हणून मान हलवली. "बसल्या अन् लागला डोळा. झोपू द्या. मी ठेवलं झाकून."

मला एक खुर्ची दिली, ताट दिलं. आम्ही सगळे जेवलो. भाकरी मोडतानाही आवाज होऊ नये म्हणून ती अनोळखी माणसंसुद्धा बोटांनी जपून तोडत होती. बाहेरून एक ट्रक जोरात हॉर्न वाजवत गेला. सगळ्यांचे हात थांबले, सगळ्यांनी त्यांच्याकडे पाहिलं. त्यांचा श्वास संथ चालला होता.

गाडीची वेळ झाली. त्यांना उठवावं असं फार वाटलं, दोन शब्द बोलावेत. उठवलं नाही. नंतर काही महिन्यांतच त्या गेल्याचं सुभाषनं कळवलं, म्हणून त्या दिवशी पाहिलं तेच शेवटचं.

दारातून वळून बघितलं तेव्हा गंगूबाई त्यांच्या खुर्चीजवळ उभी होती. स्वतःच वाकलेली, एका हातानं खुर्चीची पाठ धरून, दुसऱ्या हातानं पदराचं टोक हलवत ती सिस्टरच्या तोंडावरच्या माशा वारत होती.